शेळीची कॅसेट

वायरलेसवर शब्द येत नव्हते, श्वास येत होता.

बटण दाबल्याचा 'टक' असा आवाज, मग खरखर, त्या खरखरीच्या आत कुणीतरी धापा टाकतंय, मग पुन्हा 'टक' आणि सगळं शांत. दुपारचे तीन वाजून गेले होते. सोसायटीच्या ऑफिसच्या पत्र्यावर वारा मूठमूठ खडे फेकल्यासारखा वाजत होता. मी माईक तोंडाशी धरून तिसऱ्यांदा विचारलं, "कोण बोलतंय? कुठली बोट?"

टक. खरखर. श्वास. आणि त्या श्वासाच्या टोकाला एक अक्षर, दारात अडकलेल्या खाटेसारखं, ना आत ना बाहेर. "च... च... च..."

कोण ते मला कळलं. कोंडबंदरातल्या बारा बोटींपैकी एकाच बोटीवर माझं नाव असं घेणारा माणूस होता. तो माझा भाऊ काशा. आणि काशा वायरलेसला कधी हात लावत नसे. त्यानं तो लावला होता, म्हणजे बोलणारं दुसरं कुणी तिथं उरलं नव्हतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दहावी झालेली, म्हणून मच्छीमार सोसायटीनं मला सेटवर बसवलेलं. वायरलेस बोटींवर नवे नवे आले होते. सकाळी एकेका तांडेलानं सांगायचं, कुठं आहोत, किती वाव खोल पाण्यात आहोत, आणि मी ते वहीत लिहायचं. माझा बा, धर्मा तांडेल, आमच्या बोटीचा कर्ता. काशा त्याच्या हाताखाली. बाकीचे दोघे खलाशी घाटावरचे, त्या वर्षीच आलेले. त्यांना अजून समुद्र सगळीकडे सारखाच दिसायचा.

कार्तिक महिना होता. आभाळ धुवून निघालेलं, दर्या तेलासारखा. पण सकाळी अकराला रेडिओवर तुफानाची सूचना आली, बंदरावर बावटा चढला, आणि मी एकेका बोटीला निरोप दिला. बा म्हणाला, निघालो. एकपर्यंत दहा बोटी काठाला लागल्या. हिराजी नाखव्याची बोट दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी आसरा घेऊन थांबली. आमची आली नाही. मी हाका मारत राहिले, आणि तीन वाजता तो श्वास आला.

सोसायटीचे सेक्रेटरी भालेकरभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून वही बघत होते. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : धर्मा तांडेल, उत्तरेला, दीपगृहासमोर, बारा वाव. भाऊ मिनिटभरही थांबले नाहीत. काठावरच्या तीन दांडग्या बोटी त्यांनी उत्तरेला पाठवल्या. इंजिनांचा आवाज वाऱ्यात विरून गेला आणि मला क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात आई आली. लुगड्याचा काष्टा वाळूनं भरलेला, डोक्यावरचा पदर हातात. तिला कुणीतरी वाटेत सांगितलं होतं. बोटी कुठं पाठवल्या, एवढंच तिनं विचारलं. मी वही पुढं केली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. आईनं वही मिटली.

"चांगू, तुजा बापूस वायरलेसवर कवा खरं सांगतो का गं?"

मला ते माहीत होतं. माहीत नसायला काय झालं? अख्ख्या बंदराला माहीत होतं. चांगली मासळी सापडलेली जागा कुणी वायरलेसवर सांगत नसे. बारा सेट, चोवीस कान. दक्षिणेला असलेला तांडेल उत्तर सांगायचा, अठरा वावातला बारा सांगायचा. मी ते सगळं खोटं रोज सकाळी सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची आणि खाली तारीख घालायची. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाचा तर एक खडक होता पाण्याखाली, त्याच्या बापानं त्याला दाखवलेला. तिथं घोळ मासळी मिळायची, पाठीवर सोनं फासल्यासारखी. हिराजी नाखवा दहा वर्षं बाच्या मागं मागं बोट घेऊन हिंडला, पण त्याला तो खडक काही गावला नाही. घरात आईला ठाऊक नव्हता, मला ठाऊक नव्हता. बाला ठाऊक होता, आणि आता काशाला.

म्हणजे तीन बोटी एका खोट्यामागं धावत निघाल्या होत्या, आणि ते खोटं मी लिहिलं होतं.

भाऊंनी त्या बोटींना माघारी बोलावलं. पण बोलावून सांगणार काय? समुद्र केवढा. ते म्हणाले, काशाला विचार, लवकर विचार, त्याच्या सेटची बॅटरी किती टिकेल कोण जाणे. आणि मग खिडकीतून पश्चिमेकडे बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, की सूर्य मावळला तर सांगूनही उपयोग नाही. आमच्या जागा काठावरच्या खुणांवर बांधलेल्या असतात. कुठलं देऊळ कुठल्या डोंगरासमोर दिसतं, कुठलं झाड कुठल्या झाडाआड जातं. अंधार पडला की खुणा पुसल्या. दोन तास होते, फार तर अडीच.

मी माईक उचलला. "काशा, हो असंल तर एकदा दाब. नाय तर दोनदा. बा हाय?"

पत्रा वाजत राहिला. आईनं टेबलाची कड धरली. मग एकदा : टक. मी वाट बघितली. दुसरा टक आला नाही.

इंजिन बंद? टक. पाणी आत येतंय? टक. नांगर धरलाय? टक. उत्तरेला हाय? टक, टक. दक्षिणेला? टक.

एवढ्यापर्यंत आलो आणि पुढं भिंत लागली. दक्षिणेला पन्नास मैल किनारा. ज्या जागेचं नावच कुणी ठेवलं नाही, ती हो-नाहीनं कशी विचारायची? मला ठाऊक असलेल्या जागांची नावं मी घ्यायला लागले. एकामागून एक, भराभर, धापा टाकत. मधूनच ओरडून सांगितलं, घाबरू नको, हळू बोल, सावकाश बोल. आणि पुन्हा नावं. दर वेळी दोन टक. मग एकदा कुठलाच टक आला नाही. नुसती खरखर, आणि तिच्यात ते अक्षर. "स... स... स..."

"सातपाटीचं थळ? सांबराचं टोक? सुरुची बाग? सांग ना रं," मी म्हटलं. मी म्हणतच राहिले.

लहानपणापासून आम्ही सगळे हेच करत आलो होतो. काशाचं पहिलं अक्षर अडलं, की कुणीतरी उरलेलं वाक्य पुरं करायचं. तो 'प' म्हणाला की आईनं पाणी द्यायचं, 'भ' म्हणाला की भाकर. शाळेत मास्तर पुरं करायचे आणि वर्ग हसायचा. मीही हसायची, एकदोनदा नाही, पुष्कळदा. बाला तेवढाही धीर नव्हता. तो काशाला काही विचारायचाच नाही. तेविसाव्या वर्षीही काशा घरात मान हलवून आणि हात दाखवून राहायचा. सगळ्यांना वाटायचं, त्याला बोलायला काही नसतंच.

तसं नव्हतं. ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि मला ते एका कॅसेटमुळं ठाऊक झालं होतं.

आईचा भाऊ गोमामामा मालवाहू जहाजावर होता. त्यानं ती कॅसेट जमैकाहून आणली, किंग्स्टनच्या धक्क्यामागल्या दुकानातून. वर नारिंगी भिंतीचं चित्र, भिंतीशी माणसाच्या डोक्याहून उंच रचलेली कर्ण्यांची खोकी, आणि त्या खोक्यांसमोर एक काळी शेळी, कुणी फोटो काढतंय याची तिला काही पडलेली नाही. गाणाऱ्यांची नावं आम्हाला नीट वाचता येईनात. आम्ही तिला शेळीची कॅसेट म्हणायचो. मामा सांगायचा, तिकडे ती तेव्हाच जुनी झालेली होती, पण बारशाला तीच, लग्नाला तीच, आणि कुणी गेलं तर जागरालाही तीच. पोरं नवीन काही लावायला गेली तर म्हाताऱ्या बाया ती बदलायला लावतात.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा आईनं नाक मुरडलं. आई धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. तिच्या धवल्याशिवाय आमच्याकडे मांडवात हळद लागत नसे. ठेक्यातलं तिला कळायचं. ती म्हणाली, "यो पयला ठोका खातो रं, गोमा. लंगडतोय नुसता."

आणि खरंच होतं ते. आपल्या गाण्यात पहिल्या ठोक्यावर जोर, जात्याचा खुंटा तिथंच पुढं जातो. या गाण्यात पहिल्या ठोक्याच्या जागी खड्डा. पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी. मग पुढच्या ठोक्यावर सगळं एकदम खाली येऊन बसायचं, ढोल आणि एक जाड, खालच्या सुरातली तार, जी कानांनी नाही, पोटानं ऐकावी लागे. तिच्यामागून गिटारची एक बारीक चिमटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. वर एकजण गोड गायचा, आणि दुसरा भांडायला उभा राहिल्यासारखा भरभर बोलायचा. त्यातला शब्द कळत नव्हता, पण दोघांपैकी कुणाला घाई नव्हती एवढं कळत होतं.

खरी गंमत दुसऱ्या बाजूला. तिथं तीच सगळी गाणी पुन्हा होती, गाणाऱ्यांना काढून. नुसता ठेका, मधे मधे एखादा शब्द विहिरीतून आल्यासारखा घुमून नाहीसा होणारा. मला वाटलं, कॅसेट बिघडली. मामा हसला. तिकडे म्हणे एक ठेका निघाला की तो एकाचा राहत नाही. दहाजण येतात आणि त्याच ठेक्यावर आपापलं म्हणतात. म्हणून जागा रिकामी सोडतात. ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं. यावर आई म्हणाली, मग आमचा धवला तरी काय वेगळा, चाल तीच आणि नवरी दर साली नवी. पण कॅसेट तिला आवडली नाही ती नाहीच. बाला तर ती धडधडच वाटली, फुटक्या इंजिनाची.

काशानं ती जाळ्यांच्या खोपीत नेली. एके दुपारी मी त्याला भाकर द्यायला गेले, तर आतून कुणी बोलत होतं. आवाज ओळखीचा वाटला, बोलणं नाही. मी कुडाच्या फटीतून बघितलं. काशा जाळं विणत होता, टेपवर दुसरी बाजू चालू होती, आणि तो त्या रिकाम्या जागेत बोलत होता. मासळीची नावं, वाऱ्यांची नावं, बाच्या शिव्या, माझी नक्कल. कुठंही न अडकता. पहिला ठोका रिकामा जायचा आणि काशा त्याच्या मागून आत शिरायचा. त्याचा शब्द नेहमी सुरुवातीलाच अडायचा, आणि इथं सुरुवातीला कुणी उभंच नव्हतं.

मला बघितल्यावर तो गप्प झाला. कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं, आणि सांगितलं नाही. त्यानंतर दीड वर्ष मी भाकर घेऊन जायची आणि कुडाला टेकून बसायची. त्या दीड वर्षात तो जेवढं बोलला, तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत बोलला नव्हता.

हे सगळं त्या दुपारी माझ्या मनात आलं असं नाही. भीतीला एवढी सवड नसते. काशाचा 'स... स...' ऐकताना फक्त त्या शेळीचं तोंड डोळ्यांसमोर आलं, आणि मी माईक टाकून पळाले.

खोप ऑफिसच्या मागंच, शंभर पावलांवर. वाऱ्यानं वाळू उठवली होती, डोळे उघडवत नव्हते. माडाची एक झावळी माझ्यापुढं येऊन पडली. टेप जाळ्यांच्या ढिगावर होता, कॅसेट आतच, दुसऱ्या बाजूला लावलेली. तिची पहिली बाजू काशा कधी लावायचाच नाही. मी तो पदराखाली घेतला आणि परत आले. वीज केव्हाच गेली होती. सेट बॅटरीवर, टेप सेलवर. सेल आठवड्याभराचे वापरलेले.

भाऊंना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मी काही सांगत बसले नाही. टेप माईकजवळ धरला, माईकचं बटण दाबलं आणि टेपचं दाबलं. तो लंगडा ठेका ऑफिसमधून निघून त्या काळ्या दर्यावर गेला. मी मोजत होते. एक फेर, दोन, तीन, चार. मग बटण सोडलं.

खरखर. नुसती खरखर, एवढा वेळ, की मला वाटलं बॅटरी गेली. आणि मग तिच्यात काहीतरी वाजलं. लाकडावर लाकूड. रिकामी जागा, मग ठोका. रिकामी जागा, मग ठोका. तो बोटीच्या फळीवर ठेका धरत होता.

"चांगू," काशा म्हणाला.

अख्खं. न तुटता. आई खुर्चीत बसली.

"चांगू, बा हाय. पाय त्याचा, दोरात गेला. सुद नाय त्याला. पंख्यामधी, जाळं गेलं. पानी येतंय, दोघं उपसतात."

तो थांबला. फळीवरचा ठोका चुकला. लाट आदळल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, आणि त्याच्या तोंडात ते जुनं अक्षर परत आलं. "स... स..."

मी पुन्हा बटण दाबलं, टेप लावला. दोन फेर नीट वाजला. तिसऱ्याला ताण ढिला पडला. ठेका जड झाला, खोल गेला, थकलेल्या बैलासारखा रस्त्यातच बसला, आणि चाक थांबलं. मी टेपवर थापा मारल्या. सेल काढून पदराला घासून घातले. काही नाही. खिडकीबाहेरचं ऊन पिवळं व्हायला लागलं होतं, आणि माझं डोकं पुन्हा जुन्या वाटेला लागलं. मी बटणावर अंगठा दाबून भराभर विचारत सुटले. "स काय? सोनखार का? सोनखारच्या म्होरं का? का साखरीची खाडी? काशा, ऐकतोस ना? बोल ना रं, बोल."

आईनं माझा अंगठा धरला.

तिच्या हाताला मासळी सोलून सोलून घट्टे पडलेले. एकेका बोटानं तिनं माझा अंगठा बटणावरून उचलला.

"तुजा अंगठा काढ. तू दाबून बसलीस तं त्याचा आवाज येनार कुठून?"

रोज शंभर वेळा मी हे दुसऱ्यांना सांगायची. बटण सोडा, मग ऐका. या सेटवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतं. आणि तीन वाजल्यापासून बटण दाबून मीच बोलत होते. त्याचे किती शब्द माझ्या अंगठ्याखाली गेले असतील, ते मी पुढं कधी मोजायला धजले नाही.

आईनं माईक माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, बटण स्वतः दाबलं. दुसऱ्या हाताचा तळवा तिनं टेबलाच्या फळीवर आपटला. मी तिला लग्नांत ताल धरताना शेकडो वेळा बघितलं होतं. तिचा हात पहिल्या ठोक्यावर पडायचा, ठाम, मांडवाचा खांब रोवावा तसा. आता तो पहिल्या ठोक्याला हवेत थांबला. थांबून राहिला. मग खाली आला. पुन्हा थांबला, पुन्हा आला. बोटांच्या टोकांनी ती मागून येणारी चिमटीसुद्धा वाजवत होती. तिनं ती कॅसेट कधी ऐकली होती, कुडाच्या कुठल्या बाजूला उभं राहून ऐकली होती, मला माहीत नाही.

चार फेर. मग तिनं बटण सोडलं आणि डोळे मिटले. भाऊ काहीतरी बोलायला गेले, तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

आम्ही तिघं त्या खरखरीकडे बघत राहिलो. वारा पत्रा उचलून पाहत होता. काही येत नव्हतं. माझा अंगठा मी मुठीत आवळून धरला होता. मला विचारायचं होतं, सुचवायचं होतं, अर्धा डझन शब्द जिभेवर होते. आई हलली नाही. मला वाटलं ही बाई आता उशीर करतेय, ही माझ्या भावाला मारणार.

आणि लाकडावर लाकूड वाजलं.

"सोनखारची दीपमाळ, खिंडीमधी,
बोडका डोंगूर, डाव्या हाती,
दोन ताडांचा, एक ताड,
अठरा वाव, काळी माती."

तो थांबला नाही. पुन्हा म्हणाला, तस्संच, शब्दाला शब्द. तिसऱ्यांदा म्हणाला. भाऊ लिहून घेत होते आणि त्यांचं पेन कागद फाडत होतं. दीपमाळ डोंगराच्या खिंडीत दिसली पाहिजे, आणि काठावरचे दोन ताड एकामागं एक जाऊन एकच दिसले पाहिजेत. त्या दोन रेषा जिथं एकमेकींना मिळतात, तिथं बोट. बाच्या बापानं दाखवलेली, तीन पिढ्या पोटात ठेवलेली जागा काशा बारा सेटांवर गात होता.

चौथ्यांदा म्हणताना आवाज बारीक झाला. "एक ताड" इथं तो गेला. बॅटरी संपली होती.

भाऊंनी उत्तरेहून परतणाऱ्या बोटींना हाक मारायला माईक उचलला, तेवढ्यात सेटवर दुसराच आवाज आला. खर्जातला, पानाचा तोबरा भरलेला.

"हिराजी बोलतोय. खुना गावल्या. मी जवळ हाय. निंगालो."

दहा वर्षं जो माणूस त्या जागेच्या मागावर होता, त्यालाच ती मिळाली होती.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, कारण पुढं काहीच ऐकू आलं नाही. हिराजीच्या सेटवर दोनदा आवाज आला, कळला नाही, मग बंद. ऊन तांबडं झालं, भिंतीवरून चढत चढत वर गेलं, आणि गेलं. आईचा हात टेबलावर तसाच वाजत होता. बटण दाबलेलं नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं, तरी वाजत होता. मी थांब म्हटलं नाही.

दिवेलागणीला काठावर ओरडा झाला. हिराजीची बोट येत होती, आणि तिच्या मागं दोरानं बांधलेली आमची, एका अंगावर कललेली, पाण्यात बसलेली. खलाशांनी बाला फळीवर घालून उतरवलं. वाटेत त्याला शुद्ध आली होती. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. त्यानं आईला बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाला :

"माजा खडक गेला."

"गेला तं गेला," आई म्हणाली. "पाय दाव."

काशा मागं उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला, दात वाजत होते. मी त्याच्यापुढं गेले. त्यानं तोंड उघडलं, अक्षर अडलं. मी थांबले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी थांबले. केवढा वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, "भ... भ... भूक लागली."

त्या खडकावर त्याच महिन्यात आठ बोटी जायला लागल्या. दोन वर्षांत घोळ संपली. बा याबद्दल कुणाला काही बोलला नाही. त्याचा पाय जोडला गेला, पण तोकडा राहिला, आणि तो अंगणातून चालला की आई मला डोळ्यांनी खूण करायची. आता तुजा बापूस पण पयला ठोका खातो. वायरलेसवर मात्र तो शेवटपर्यंत खोटंच सांगत राहिला. उत्तर म्हणजे दक्षिण, बारा म्हणजे अठरा. फक्त पहाटे निघताना ऑफिसच्या खिडकीशी यायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि खिडकीच्या चौकटीवर हाताची बोटं आपटत त्या दिवसाच्या खऱ्या खुणा मला म्हणून दाखवायचा. त्याला ताल अजिबात नव्हता. मी पाठ करून घ्यायची.

बा जाऊन आता अकरा वर्षं झाली, आई त्याच्या मागोमाग गेली. मागल्या शिमग्याला भाच्यानं, काशाच्या पोरानं, शेळीची कॅसेट मोबाईलवर शोधून काढली, नारिंगी भिंत, काळी शेळी, सगळं तेच. काशा ऐकत बसला. तिथं पहिलीच बाजू होती. दोन गाणी झाल्यावर त्यानं मोबाईल परत दिला. त्याला म्हणायचं होतं ते म्हणायला जरा वेळ लागला, आणि भाचा शहाणा, तो थांबला. "ह्याच्यात माणसं लय बोलतात," काशा म्हणाला.

काशा आता तांडेल आहे. शब्द अजून अडतात. सकाळी सोसायटीच्या सेटवर माझ्याजागी दुसरी मुलगी बसते. मी कधी कधी जाऊन तिच्या बाजूला टेकते. एकेक बोट आपली जागा सांगते, भराभर, खोटी. मग 'टक' होतं, खरखर येते, तिच्यात एक श्वास. मुलीचा अंगठा बटणापासून दूर असतो. आणि समुद्रावर पसरलेल्या बारा बोटींपैकी एकही मधे बोलत नाही.